सहा हजारांत मामांचा कॉम्प्युटर

नागपुरात मानेवाड्याच्या मामांकडे २०१३ सालचा डेस्कटॉप आहे. जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी तो घेतला. आत इंटेलचा कोअर आय३-३२२०, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, दोन-दोन जीबीच्या दोन रॅम आणि पाचशे जीबीची हार्ड डिस्क. बाहेर साडेअठरा इंची मॉनिटर, एचपीचा लेझरजेट १०२० प्रिंटर आणि लाइन गेली की त्याच क्षणी बंद पडणारा यूपीएस. मूळचं विंडोज ७ होतं, मधल्या काळात कुणीतरी त्यावर विंडोज १० चढवून दिलं होतं.

दिवाळी आटोपली आणि मामांचा फोन आला. "अरे, हा पडद्यावर लिहून देते, याचा सपोर्ट संपला म्हणून. म्हणजे बंद होऊन राहिला का हा?"

बंद होणार नव्हता. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. घरच्या मशीनची नोंदणी केली तर सुरक्षेची अपडेट आणखी एक वर्ष मिळणार होती, पण त्यापुढची खात्री नव्हती. मामा याच मशीनवर पेन्शनचं बँक खातं पाहतात, त्यामुळे मला हा प्रश्न टाळण्यासारखा वाटला नाही. शिवाय मशीन इतकं संथ झालं होतं की बटण दाबून मामा पूजेची फुलं तोडायला अंगणात जायचे आणि परत येईपर्यंत ते जेमतेम सुरू झालेलं असायचं. मामींनी तर त्याचा नाद सोडूनच दिला होता.

मामांनी पैशाचं आधीच सांगून टाकलं. "सहा हजार. वर एक रुपया नाही. आणि तुझे घालायचे नाहीत." नात्यातल्या माणसाचं काम करताना ही अट मला फार मोलाची वाटते. आपण गुपचूप दोन हजार घातले की ती वस्तू त्यांची राहत नाही. पुढे काही बिघडलं तर सांगायलाही त्यांना संकोच वाटतो. म्हणून हिशेब त्यांच्याच डायरीत, त्यांच्याच हातानं लिहायचा असं ठरलं.

काही विकत घेण्याआधी मी एक दुपार त्यांच्यामागे खुर्ची टाकून नुसता बसलो. रोज जे करता ते करा, म्हटलं. मामा आमच्या भागातल्या लेआउटच्या नागरिक समितीचे सचिव आहेत. पाण्याची लाइन, सांडपाण्याची गडर, रस्त्यावरचे दिवे, कुणाच्या प्लॉटचे कागद, कुणाची पैसे भरायची डिमांड नोट, सगळा पत्रव्यवहार त्यांच्याकडे. पत्र टाइप करायचं, छापायचं, सही-शिक्का मारून पोच घेऊन यायची. मग ईमेल आणि बँक. मामींना यूट्यूबवर कीर्तन ऐकायचं असतं, तेही फोनच्या एवढ्याशा पडद्यावर नको असतं. बस, एवढंच. गेम नाहीत, व्हिडिओ जोडणं नाही, व्हिडिओ कॉलसाठी फोन आहेच. ही दुपार नसती तर मी भलत्याच गोष्टींवर पैसे घालवले असते, कारण दुकानात उभं राहिलं की प्रत्येक सुटा भाग गरजेचाच वाटतो.

कशावर किती भार आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून ठेवला होता. प्रोसेसर तीस टक्क्यांच्या आसपास, रॅम जवळजवळ भरलेली आणि डिस्क सतत शंभर टक्के. दुखणं तिथेच होतं. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर प्रत्येक वेगळी नोंद शोधायला आतला हात हलवावा लागतो, तबकडी फिरून योग्य जागा खाली येईपर्यंत थांबावं लागतं. यात दहा-बारा मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभरेक शोध. त्यात रॅम अपुरी पडली की विंडोज उरलेला माल त्याच डिस्कवर उतरवतं आणि तिच्यावर दुहेरी भार येतो. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसल्यामुळे तोच शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहून लवकर होतो. प्रोसेसर बारा-तेरा वर्षांचा असला तरी पत्रं आणि कीर्तनापुरता तो अजूनही भरपूर आहे.

बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, एका दुकानदारानं मला याच बोर्डात बसणारा जुना आय५ प्रोसेसर घ्या म्हणून बराच आग्रह केला. भाव वाईट नव्हता. पण शंभर टक्क्यांवर अडकलेली डिस्क तशीच ठेवून प्रोसेसर बदलला असता, तर मामांना कणभरही फरक जाणवला नसता. दुसरा सल्ला होता रिफर्बिश्ड मशीनचा. कंपन्यांनी काढलेले डेस्कटॉप बर्डीत भरपूर मिळतात. मात्र विंडोज ११ ला अधिकृतपणे चालणारं म्हणजे इंटेलच्या आठव्या पिढीचं किंवा पुढचं, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय असलेलं मशीन हवं, आणि ते सहा हजारांत बसत नव्हतं. सहा हजारांत चौथ्या पिढीचं मिळत होतं, म्हणजे मामांच्या तिसऱ्या पिढीच्या मशीनपेक्षा एकच पायरी वर आणि त्याचं पूर्वायुष्य आपल्याला ठाऊक नाही. घरचं मशीन निदान कुठे कुठे दुखतं हे तरी माहीत होतं. अटी चुकवून जुन्या मशीनवर विंडोज ११ बसवता येतं, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हाती मी तसलं काही देणार नव्हतो.

म्हणून ठरलं असं: एसएसडी, आठ जीबी रॅम आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट. मिंट २२.२ सप्टेंबर २०२५ मध्ये आलं, त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील आणि त्याला पैसे पडत नाहीत. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, शेजारी उघड्या खिडक्या, उजवीकडे घड्याळ. मामांच्या डोळ्यांना सवय आहे तीच मांडणी.

पण हात लावण्याआधी डेटा. हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, ती स्मार्ट माहिती वाचली तेव्हा प्रलंबित सेक्टरचा आकडा शून्य नव्हता. म्हणजे काही जागा डिस्कला नीट वाचता येत नव्हत्या. अशा डिस्कवरून विंडोज सुरू करणं, ती पुन्हा पुन्हा चालू-बंद करणं म्हणजे तिचं उरलेलं आयुष्य खर्च करणं. म्हणून पेन ड्राइव्हवरून मिंट लाइव्ह, म्हणजे मशीनवर न बसवता, चालवलं आणि डिस्कवर काहीही न लिहिता आधी समितीची पत्रं, मग फोटो, मग उरलेलं, या क्रमानं उतरवलं. सगळं मिळून चाळीस जीबीच्या आत होतं. ताईच्या लग्नाचे फोटो याच डिस्कवर होते आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. मामी दाराशी उभ्या राहून विचारत होत्या, "आले का रे ते हळदीचे?" आले. दोन-चार फोटो अर्धे राखाडी निघाले, ते डिस्कनं आधीच गिळले होते. बाकी सगळे वाचले. त्याच वेळी विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून कृतिदेव या मराठी फॉन्टच्या फाइलीही उचलून ठेवल्या. त्यांचं महत्त्व पुढे येईलच.

खरेदीत एसएसडीला सगळ्यात जास्त पैसे गेले. २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी २,१५० ला (साटा म्हणजे डिस्क बोर्डाला जोडायची पद्धत). रॅम आणि एसएसडी या दोन्हींचे भाव त्या दिवसांत चढत होते, एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागते म्हणून. दुकानदार म्हणाला, "भाऊ, रोज नवा भाव लावून राहिलो." त्याच्याकडे जास्त वेगाची महागडी एसएसडीही होती, पण एच६१ बोर्डाचे साटा पोर्ट ३ गिगाबिटचेच आहेत. सेकंदाला साडेपाचशे एमबी लिहिलेली एसएसडी त्यावर तीनशेच्याही खालीच राहते. तेव्हा चांगल्या कंपनीची, तीन वर्षांच्या वॉरंटीची, साधी घ्यायची. बिल मात्र जीएसटीसह पक्कंच घ्यायचं, नाहीतर वॉरंटी कागदावरच राहते.

डीडीआर३ रॅम आता जुन्या मशीनमधून काढलेलीच जास्त मिळते. चार-चार जीबीच्या दोन घेतल्या, ११०० ला. आठ जीबीची एकच पट्टी स्वस्तात मिळत होती, पण स्वस्त आठ जीबीच्या काही पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात, इंटेलच्या बोर्डावर मशीन सुरूच होत नाही. कुणी डीडीआर३ घेत असेल तर हे आधी विचारून घ्यावं. जुनी रॅम तपासल्याशिवाय ठेवून घेऊ नये हेही तितकंच खरं. रात्रभर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून झोपलो तर सकाळी एका पट्टीत लाल ओळी. दुकानदारानं काही न बोलता ती बदलून दिली, कारण तपासणीची मुदत त्यानं बिलावरच लिहून दिली होती. बदलून आणलेली पट्टी रात्रभर स्वच्छ निघाली.

आता कॅबिनेटबद्दल, कारण नागपुरात कॉम्प्युटर सांभाळणं म्हणजे निम्मं काम धूळ आणि कूलरचं असतं. बाजूचं झाकण काढलं तर प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची घट्ट गादी बसलेली. हवा आत जायला जागाच नाही. मामांनी सांगितलं की दर उन्हाळ्यात मशीन बीप-बीप करून सुरू व्हायचं बंद होतं, मग मेकॅनिक येतो, रॅम काढून पुसून परत बसवतो आणि तीनशे रुपये घेऊन जातो. टेबल कुठे होतं पाहिलं तर खिडकीतल्या कूलरच्या थेट झोतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर गेला की कूलर दिवसरात्र चालतो. त्याची ओली हवा, त्यातला पाण्याचा क्षार आणि बाहेरची धूळ, सगळं कॅबिनेटच्या पंख्यानं आत ओढलं जातं आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतं. पट्ट्या खोडरबरनं घासून, कोरड्या ब्रशनं खाचा झाडून घेतल्या आणि टेबल खोलीच्या दुसऱ्या भिंतीला लावलं. या सगळ्या कामात मला सर्वांत उपयोगी वाटलेली दुरुस्ती ही, आणि तिला एक रुपया लागला नाही.

धूळ अंगणात नेऊन ब्लोअरनं काढली. त्या वेळी पंखा बोटानं धरून ठेवायचा, मोकळा सोडला तर झोतानं भलत्या वेगानं फिरून त्याचे बेअरिंग खराब होतात. प्रोसेसरची उष्णता खेचणारं हीटसिंक उचललं तर त्याखालची जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. ती पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मध्यभागी टाकली आणि चारही खुंट्या समोरासमोरच्या जोडीनं दाबून बसवल्या. आधी मशीन नुसतं उभं असतानाही तापमान सत्तरीत होतं, आता चाळिशीत राहतं. हिवाळ्याचे दिवस आहेत हे धरूनही फरक मोठा आहे.

मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, चाळीस रुपयांचा. तो मेला होता. त्यामुळे लाइन गेली की मशीनची तारीख कितीतरी वर्षं मागे जायची आणि बँकेची साइट कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून उघडायची नाही. साइटच्या प्रमाणपत्राची मुदत मशीनच्या तारखेशी ताडून पाहिली जाते, आणि मशीन भूतकाळात असेल तर ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. मामा इतके महिने इंटरनेटवाल्याला फोन करत होते, आणि तो बिचारा येऊन राउटर बंद-चालू करून जात होता.

आणखी एक गोष्ट मामींनी सहज सांगितली, "त्याले हात लावला की मुंग्या येतात." हे मात्र हसण्यावारी न्यायचं नसतं. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, त्याच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यातून झिरपणारा अगदी थोडा प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग तुटलं की बॉडीवर मेन्सच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज बसतं. प्रवाह थोडा असल्यानं झटका न लागता मुंग्या येतात, पण मशीनमध्ये कधी खरा बिघाड झाला तर वाचवायला अर्थिंगच नसतं. वायरमनला बोलावलं. त्यानं भिंतीच्या सॉकेटवर टेस्ट लॅम्प लावून दाखवला, अर्थिंग तिथपर्यंत ठीक होतं. दोष एक्स्टेन्शन बोर्डात निघाला. सॉकेट तीन पिनांचं, आणि आत वायर दोन तारांची. ३८० रुपयांचा तीन तारांचा बोर्ड आणला, मुंग्या थांबल्या. स्वस्त बोर्ड घेतलेल्या प्रत्येक घरानं आपली वायर एकदा उघडून पाहावी असं मला कळकळीनं वाटतं.

यूपीएस टाकायची गरज नव्हती, त्याची बॅटरी बदलली. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी, जुनी परत देऊन १,०५० ला. तापमान दहा अंशांनी वाढलं की या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे, त्यामुळे आपल्याकडे ती दोन-तीन उन्हाळ्यांपलीकडे क्वचितच जाते. मामांना डायरीत तारीख लिहून ठेवायला सांगितली. इंटरनेटसाठी वायफायचा यूएसबी डोंगल न घेता पंधरा मीटरची तयार लॅन केबल चौकटीच्या कडेनं आणली. डोंगलमध्ये कोणती चिप निघेल हे खोक्यावर लिहिलेलं नसतं, आणि लिनक्सवर सगळं त्या चिपवरच अवलंबून असतं. केबलला असली काही भानगड नाही.

मिंट बसवणं हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, साटा आयडीई या जुन्या पद्धतीवर होतं, ते एएचसीआय या नव्या पद्धतीवर नेलं, पेन ड्राइव्ह लावला आणि चहा होईपर्यंत काम झालं. टाइमशिफ्ट सुरू करून दिलं, म्हणजे एखाद्या अपडेटनं घोळ घातला तर आधीच्या स्थितीला जाता येईल. प्रिंटरला एचपीचं एक प्लगइन एकदा उतरवावं लागतं, कारण १०२० आपलं फर्मवेअर प्रत्येक वेळी कॉम्प्युटरकडूनच घेतो. त्यानंतर तो मुकाट छापू लागला.

खरं काम पुढे होतं. मामांची बारा वर्षांची पत्रं कृतिदेवमध्ये आहेत. कृतिदेव म्हणजे युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत, नाही. फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. फॉन्ट नसेल तर सगळ्या पत्राची इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मिंटमध्ये पहिलं पत्र उघडलं तेव्हा हेच दिसलं आणि मामांचा चेहरा उतरला. मी आधी उचलून ठेवलेल्या फॉन्टच्या फाइली वैयक्तिक फॉन्ट फोल्डरमध्ये टाकल्या, मिंटमधलं पत्रं टाइप करायचं लिब्रेऑफिस बंद करून उघडलं, आणि "विषय :", "संदर्भ :", "जा.क्र." सगळं जागच्या जागी आलं. मामा पडद्याजवळ सरकून २०१४ चं एक पत्र शेवटपर्यंत वाचत बसले.

आता युनिकोड शिकून घ्या असं मी त्यांना म्हटलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी टाइपरायटरवर रेमिंग्टन शिकलेली बोटं आहेत ती. कळांकडे न बघता चालतात. कृतिदेव त्याच मांडणीवर बेतलेला, त्यामुळे फॉन्ट निवडला की त्यांच्या दृष्टीनं काहीच बदललेलं नसतं. पण टाइप करायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडले. "मा. कार्यकारी अभियंता" मधल्या "मा" ऐवजी नुसता "म" उमटला. कारण असं की कृतिदेवमध्ये लहान ई दाबली की म, शिफ्ट धरून ई दाबली की अर्धा म्. लिब्रेऑफिसला ते इंग्रजी वाक्य वाटतं, म्हणून ते पहिलं अक्षर आपणहून मोठं करतं, पूर्ण म चा अर्धा होतो आणि पुढचा काना तो पूर्ण करण्यातच खपतो. पुढच्या ओळीत "विषय" बिघडला. या फॉन्टमध्ये श आणि ष अवतरण चिन्हांच्या कळेवर आहेत, आणि सरळ अवतरण चिन्ह दिसलं की लिब्रेऑफिस त्याला वळणदार करतं. सरकारी पत्रात "विषय" शब्दाशिवाय पुढे जाताच येत नाही, त्यामुळे हे सुटेपर्यंत बाकी सगळं व्यर्थ होतं.

उपाय सेटिंगमध्ये आहे. टूल्समधल्या ऑटोकरेक्टमध्ये जाऊन वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करणं, सलग दोन मोठ्या अक्षरांतलं दुसरं लहान करणं, शब्दांची आपोआप अदलाबदल, वळणदार अवतरण चिन्हं, शब्द आपोआप पूर्ण करणं, सगळं बंद केलं. मजकुराची भाषा "काहीच नाही" अशी ठेवली म्हणजे प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ येत नाही. मग समितीच्या पत्राचा एक साचा करून दिला: वर नाव-पत्ता, उजवीकडे तारीख, जा.क्र., "प्रति", विषय, फॉन्ट कृतिदेव, अक्षर सोळाचं. तो डेस्कटॉपवर "नवीन पत्र" या नावानं आहे. मामांनी पथदिव्यांबद्दलचं एक पूर्ण पत्र त्यावर टाइप केलं, न थांबता. छापून हातात घेतलं, उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "हां, आता आपला वाटते." माझ्या लेखी काम त्या वाक्याला पूर्ण झालं.

ईमेलनं पाठवायचं पत्र ते पीडीएफ करून पाठवतात, त्यात फॉन्ट आतच बसतो आणि समोरच्याकडे कृतिदेव नसला तरी नीट दिसतं.

मामींच्या कीर्तनासाठीही थोडं करावं लागलं. यूट्यूब हल्ली बहुतेक व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीनं पाठवतं, आणि या प्रोसेसरच्या ग्राफिक्सला त्यातलं काही उलगडता येत नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि पंखा घोंघावतो. एच.२६४ मात्र ग्राफिक्सला येतं. यूट्यूबला तेच पाठवायला लावणारं एक छोटं एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये टाकलं. मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा आहे, त्यामुळे ७२० च्या वर जायची गरजच नाही. आता कीर्तन न अडकता चालतं, आणि मामा बाहेर गेले की मामी स्वतः मशीन सुरू करतात. आधी ते कधी व्हायचं नाही.

डायरीतला हिशेब मामांनी घातला: एसएसडी २,१५०, रॅम १,१००, सेल ४०, पेस्ट १५०, साटा केबल ८०, यूपीएसची बॅटरी १,०५०, एक्स्टेन्शन बोर्ड ३८०, लॅन केबल ३५०, आणि पत्रं-फोटोंची दुसरी प्रत ठेवायला ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह ५२०. एकूण ५,८२०. वायरमन लेआउटमधलाच, त्यानं पैसे घेतले नाहीत. हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवली आहे, तिच्यावर पुन्हा काही लिहायचं नाही. पेन ड्राइव्हवरची प्रत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नवी करायची असं ठरलंय. ताईलाही फोटोंची एक प्रत पुण्याला दिली, एकाच घरात दोन प्रती असणं मला पुरेसं वाटत नाही.

पुढे पैसे निघाले तर पहिला खर्च एसएमपीएसवर. तो कॅबिनेटसोबत आलेला आहे, झाकणाच्या जाळीतून पाहिलं तर कपॅसिटर अजून फुगलेले दिसत नाहीत, पण बारा उन्हाळे झाले. येत्या मार्चमध्ये कूलर लागायच्या आधी पुन्हा एकदा धूळ काढून तो तपासेन.

जुन्या पत्रांचं युनिकोड करायचं काम मामांनीच सुचवलं, कारण त्यातला मजकूर आता लोकांना व्हॉट्सअॅपवर हवा असतो. सगळ्यांचं करत बसायचं नाही, जे पत्र लागेल तेवढंच. कन्व्हर्टरमधून काढलं की बहुतेक मजकूर ठीक येतो, रफार आणि पहिली वेलांटी तेवढी तपासावी लागते. कृतिदेवमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये नेमकं उलट. मामा छापील प्रत समोर घेऊन शब्दन् शब्द ताडतात, मी दुरुस्त करतो. सध्या २०१६ सालच्या पाण्याच्या लाइनच्या पत्रावर आहोत.